बलाढ्यांपुढे दुबळ्यांचा बचाव

७ ऑक्टोबर २०१७. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या नॉर्मन या गावी ओक्लाहोमा विद्यापीठाचा फुटबॉल संघ आयोवा स्टेट विद्यापीठाशी खेळत होता. यजमान संघ देशात तिसऱ्या क्रमांकावर होता. त्यांचा क्वार्टरबॅक बेकर मेफील्ड त्याच वर्षी महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च अशा हाइजमन पारितोषिकाचा मानकरी ठरला. पाहुण्यांनी आदल्या हंगामात बारापैकी नऊ सामने गमावले होते. त्यांचा नेहमीचा क्वार्टरबॅक उपलब्ध नसल्याने काइल केम्प्ट हा राखीव खेळाडू प्रथमच सुरुवातीपासून मैदानात उतरला होता. आयोवा स्टेट सुमारे तीस गुणांनी हरेल, असा अंदाज होता. मध्यंतराला ओक्लाहोमा २४-१३ असा पुढेही होता. उत्तरार्धात मात्र या नामवंत आक्रमणाला अवघे सात गुण मिळाले आणि आयोवा स्टेटने सामना ३८-३१ असा जिंकला. १९९० नंतरचा ओक्लाहोमावरील हा त्यांचा पहिलाच विजय होता.

अशा निकालांचे श्रेय बहुधा नशिबाला दिले जाते. नशिबाचा वाटा असतोच; परंतु त्या नशिबाला वाव मिळावा अशी परिस्थिती निर्माण करणे हे प्रशिक्षकाचे काम असते. दुबळ्या संघाच्या बचावाचे एक स्वतंत्र शास्त्र गेल्या काही दशकांत अमेरिकेत विकसित झाले आहे. बलाढ्य संघाला पूर्णपणे रोखणे शक्य नाही, हे मान्य करूनच त्याची सुरुवात होते.

खेळाची चौकट

अमेरिकन फुटबॉलचा आपल्याकडील फुटबॉलशी नावापलीकडे फारसा संबंध नाही. शंभर यार्ड लांबीच्या मैदानावर प्रत्येकी अकरा खेळाडू असतात. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला दहा यार्ड पुढे जाण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. या प्रयत्नाला 'डाउन' म्हणतात. दहा यार्ड पार पडले की पुन्हा चार नवे प्रयत्न मिळतात, अन्यथा चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. चेंडू अंतिम क्षेत्रात नेला की 'टचडाउन'चे सहा गुण आणि त्यानंतर बहुधा एक जादा गुण मिळतो. तिथपर्यंत पोहोचता आले नाही, तर खांबांमधून चेंडू लाथाडून 'फील्ड गोल'चे तीन गुण मिळवता येतात. पंधरा मिनिटांचे चार भाग, म्हणजे एकूण साठ मिनिटांचा हा खेळ.

महाविद्यालयीन सामन्यात प्रत्येक संघाच्या वाट्याला साधारणतः बारा-तेरा वेळा चेंडूचा ताबा येतो. दुबळ्या संघाचा सारा हिशेब याच आकड्याभोवती फिरतो.

विषमता कशातून येते?

या खेळात आकार, वेग आणि राखीव खेळाडूंचा साठा यांना फार महत्त्व आहे. शालेय स्तरावरील उत्तम खेळाडूंचा ओढा मोजक्या नामवंत विद्यापीठांकडे असतो. वरच्या श्रेणीतील विद्यापीठांना फुटबॉलसाठी ८५ आणि त्याखालील श्रेणीतील विद्यापीठांना ६३ शिष्यवृत्त्या देण्याची मर्यादा दीर्घकाळ होती. २०२५ साली न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर शिष्यवृत्त्यांची ही मर्यादा जाऊन खेळाडूंच्या एकूण संख्येवर मर्यादा आली. त्याचबरोबर विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षासाठी त्याची कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. हा खर्च प्रत्येक विद्यापीठाला झेपणारा नाही. परिणामी एका हंगामात चमकलेला छोट्या संघातील खेळाडू पुढच्या हंगामात मोठ्या संघात दिसणे, ही आता नित्याची बाब झाली आहे.

तरीही हे विषम सामने होतात, कारण त्यांत दोघांचाही व्यवहार असतो. मोठ्या विद्यापीठाला आपल्या मैदानावर सोपा सामना हवा असतो आणि छोट्या विद्यापीठाला पैसा. २०२४ साली नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठाला नोत्र दाम विद्यापीठाविरुद्ध खेळण्यासाठी १४ लाख डॉलर मिळाले. थोडक्यात, हरण्याचेच मानधन! हा प्रकार जुना आहे. १९१६ साली कंबरलँड महाविद्यालयाने आपला संघ बंद केला होता. परंतु ठरलेला सामना न खेळल्यास ३००० डॉलर भरावे लागणार होते. म्हणून कसाबसा संघ जमवून ते जॉर्जिया टेकविरुद्ध खेळले आणि २२२-० असे हरले.

पहिले सूत्र : मोठी चाल होऊ द्यायची नाही

क्रिकेटमध्ये तडाखेबंद फलंदाजासमोर कर्णधार क्षेत्ररक्षक सीमारेषेवर पाठवतो. एकेरी धाव देतो, चौकार देत नाही. दुबळ्या संघाचा बचाव नेमका याच विचाराने उभा राहतो. प्रतिस्पर्ध्याला चार-पाच यार्ड मिळाले तरी चालतील. एका फटक्यात चाळीस यार्ड मिळता कामा नयेत.

यामागे साधे गणित आहे. समजा, बलाढ्य संघाला दहा यार्डांचा एक टप्पा पार करण्यात दहापैकी आठ वेळा यश येते. हे प्रमाण अर्थातच उत्तम झाले. परंतु टचडाउनसाठी असे पाच टप्पे सलग पार करावे लागणार असतील, तर पाचही वेळा यश मिळण्याची शक्यता सुमारे ३३ टक्केच उरते. या लांबच्या वाटेत कुठे चेंडू निसटतो, कुठे नियमभंगाचा दंड होतो, कुठे झेल सुटतो. एक लांब पास यशस्वी झाला की मात्र हे पाचही टप्पे एकदमच पार होतात. म्हणून बलाढ्य संघाला अधिकाधिक वेळा अचूक खेळायला भाग पाडणे, हाच दुबळ्याचा पहिला डावपेच ठरतो.

या पद्धतीला 'वाकायचे, पण मोडायचे नाही' असे म्हटले जाते. तिच्यात खेळाडूंचा संयम पणाला लागतो. प्रतिस्पर्धी सतत पुढे सरकत असतो, प्रेक्षक गर्जत असतात आणि बचावपटूला मात्र आपली जागा सोडून चेंडूवर झेप घेण्याचा मोह आवरावा लागतो. शिवाय समोरचा खेळाडू पहिल्याच पकडीत खाली पाडता आला पाहिजे. पकड सुटली की चार यार्डांचे चाळीस होतात.

आयोवा स्टेटची रचना

आयोवा स्टेटचे मुख्य प्रशिक्षक मॅट कॅम्पबेल आणि बचावाचे प्रशिक्षक जॉन हिकॉक यांनी २०१७च्या हंगामातील सुरुवातीच्या सामन्यांनंतर आपल्या बचावाची मांडणी बदलली. शेजारच्या आयोवा विद्यापीठाने त्यांच्याविरुद्ध ४४ गुण केले होते. बलदंड आघाडीपटू मिळवणे ही कोणत्याही छोट्या संघाची सर्वांत मोठी अडचण असते. तुलनेने मध्यम बांध्याचे, चपळ खेळाडू सहज मिळतात. नव्या मांडणीत ही वस्तुस्थिती जमेस धरलेली होती. आघाडीच्या फळीत नेहमीच्या चारऐवजी तीनच खेळाडू, त्यांच्यामागे तीन लाइनबॅकर आणि मागे पाच खेळाडू अशी ही रचना होती. तीन-तीन-पाचची कल्पना नवी नव्हती. न्यू मेक्सिको आणि सॅन दिएगो स्टेट या विद्यापीठांत प्रशिक्षक रॉकी लाँग यांनी ती वर्षानुवर्षे राबवली होती. त्यांच्या पद्धतीत मात्र वेगवेगळ्या दिशांनी धडक मारण्यावर भर होता.

आयोवा स्टेटचे वैशिष्ट्य होते ते मागच्या फळीतील तीन 'सेफ्टी' खेळाडूंचे. दोघे दोन बाजूंना खोलवर आणि तिसरा मधोमध, चेंडूपासून दहा-पंधरा यार्डांवर. आघाडीचे तिघे आत सरकून उभे राहत आणि मधली वाट बंद करत. त्यामुळे चेंडू घेऊन धावणाऱ्याला बाहेरच्या बाजूला वळावे लागे आणि तिथे मोकळे लाइनबॅकर त्याची वाट पाहत असत. मधला सेफ्टी धाव ओळखून पुढे झेपावे आणि पास असल्यास जागेवरच थांबे. प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला चाल सुरू होण्यापूर्वी तो काय करणार याचा अदमास येत नसे. बहुतेक वेळा तिघेच क्वार्टरबॅकवर चालून जात आणि उरलेले आठ जण पास अडवण्यासाठी मागे राहत. पासची घाई नाही, पण मोकळा साथीदारही दिसत नाही, अशी मेफील्डसारख्या खेळाडूची कोंडी होई.

या रचनेची खरी परीक्षा तीन आठवड्यांनी झाली. २८ ऑक्टोबरला देशात चौथ्या क्रमांकावर असलेल्या टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाला आयोवा स्टेटने १४-७ असे हरवले. पराभूत संघाचे एकमेव टचडाउन किक-ऑफचा चेंडू घेऊन धावलेल्या खेळाडूने केले होते. आयोवा स्टेटच्या बचावाविरुद्ध त्यांच्या आक्रमणाला एकही गुण मिळाला नाही. त्या वर्षी आयोवा स्टेटने आठ सामने जिंकले. पुढे बिग ट्वेल्व्ह या त्यांच्या गटातील इतर संघांनीही तीन सेफ्टींची मांडणी उचलली.

शेवटचे वीस यार्ड

प्रतिस्पर्धी शेवटच्या वीस यार्डांत पोहोचला की बचावाचे स्वरूप पालटते. आता मागे राखायला मैदानच उरलेले नसते. मैदानाची शेवटची रेषा बचावपटूसारखेच काम करते, कारण तिच्यापलीकडे झेललेला पास ग्राह्य नसतो. वेगवान खेळाडूंना धावायला जागा राहत नाही. साठ यार्ड सोडून देणारा बचाव इथे ठाम उभा राहिला, तर सातऐवजी तीन गुणांवर प्रतिस्पर्ध्याची बोळवण होते. एका सामन्यात हे तीनदा घडले तर बारा गुण वाचतात. अनेक चुरशीचे सामने याहून कमी फरकाने सुटतात.

हिसकावलेला चेंडू, अडवलेली किक

यार्डांच्या शर्यतीत दुबळा संघ मागे पडणार हे गृहीत असते. ती उणीव त्याला चेंडू हिसकावून भरून काढावी लागते. ६ ऑक्टोबर २००७ रोजी स्टॅनफर्डने सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला २४-२३ असे हरवले. अंदाजानुसार ते ४१ गुणांनी हरायला हवे होते. त्या सामन्यात स्टॅनफर्डने प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकचे चार पास मधल्यामध्ये झेलले. त्याच्या महिनाभर आधी, १ सप्टेंबरला, खालच्या श्रेणीतील अॅपलाचियन स्टेटने मिशिगनला त्यांच्याच मैदानावर ३४-३२ असा धक्का दिला होता. मिशिगनचा अखेरच्या क्षणीचा फील्ड गोल कोरी लिंच याने अडवला आणि निकाल लागला. सरावाचा वेळ मर्यादित असतो, आणि बलाढ्य संघाचे आक्रमण सुधारण्यापुढे किक अडवण्याचा सराव गौण ठरतो. छोट्या संघाला तिथेच संधी दिसते.

घड्याळ हाही बचावपटू

दुबळ्या संघाचा उत्तम बचाव पुष्कळदा त्याचे आक्रमणच करते. चेंडू आपल्याच ताब्यात राहिला तर प्रतिस्पर्धी गुण कसे करणार? खेळ जितका आखूड, तितकी धक्क्याची शक्यता अधिक. कसोटीपेक्षा ट्वेंटी-२० सामन्यात दुबळ्या संघाला अधिक आशा असते, त्याचे कारणही हेच.

२२ सप्टेंबर २०१८ रोजी आर्मी, म्हणजे वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीच्या संघाने नॉर्मन येथे साठपैकी जवळजवळ ४५ मिनिटे चेंडू आपल्याकडे राखला. लष्करी शिस्तीमुळे तिथे अवाढव्य देहाचे खेळाडू ठेवणे कठीण असते. धावण्याच्या छोट्या छोट्या चालींवर त्यांची भिस्त होती. ओक्लाहोमाला निर्धारित वेळेत जेमतेम चाळीस चाली खेळता आल्या आणि बरोबरी २१-२१ अशी राहिली. जादा वेळेत आर्मीचा संघ २८-२१ असा हरला. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी व्हँडरबिल्टने अव्वल क्रमांकाच्या अलाबामाविरुद्ध हाच मार्ग धरला. ४२ मिनिटे चेंडू राखून त्यांनी ४०-३५ असा विजय मिळवला. २०२३ मध्ये झालेल्या नियमबदलाने या डावपेचाला हातभारच लावला आहे. पूर्वी प्रत्येक नव्या टप्प्यानंतर घड्याळ थोडा वेळ थांबत असे. आता दोन्ही अर्धांची शेवटची दोन मिनिटे वगळता ते चालूच राहते.

मर्यादा

या शास्त्राच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. सुरुवातीलाच दोन-तीन टचडाउनची पिछाडी पडली तर वेळ काढण्याला अर्थ उरत नाही. आघाडीचे तिघे वारंवार मागे रेटले गेले, तर प्रतिस्पर्धी पास न टाकता केवळ धावूनच मैदान सर करतो. सतत मैदानात राहिलेला बचाव अखेरच्या पंधरा मिनिटांत थकतो, आणि बलाढ्य संघाकडे मात्र ताज्या दमाचे राखीव खेळाडू असतात. म्हणून हे डावपेच पराभव टाळण्याची हमी देत नाहीत. ते सामना शेवटच्या काही मिनिटांपर्यंत जिवंत ठेवतात. तिथून पुढे एखादी किक, एखादा झेल निकाल लावू शकतो.

मानधन घेऊन खेळायला गेलेल्या नॉर्दर्न इलिनॉयने ७ सप्टेंबर २०२४ रोजी पाचव्या क्रमांकाच्या नोत्र दामचे दोन पास हिसकावले, दोन फील्ड गोल अडवले आणि सामना १६-१४ असा जिंकला. शेवटची ३१ सेकंद उरली असताना त्यांनी निर्णायक फील्ड गोल केला होता. यानंतर नोत्र दाम थेट राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यापर्यंत एकदाही हरला नाही. नॉर्दर्न इलिनॉयचा पुढचा सामना दोन आठवड्यांनी आपल्याच गटातील बफेलोशी झाला. या वेळी विजयाची अपेक्षा त्यांच्याकडून होती. तो सामना ते जादा वेळेत २३-२० असा हरले.