मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था

मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था : अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या उत्तर भागात सुमारे चाळीस वर्षे वीजवितरण करणारी, ग्राहकांच्याच मालकीची संस्था. मुख्यालय श्रीरामपूर. आजच्या श्रीरामपूर, राहुरी, राहाता, संगमनेर आणि नेवासे या तालुक्यांतील पावणेदोनशेहून अधिक गावे तिच्या कार्यक्षेत्रात येत. मुंबई सोडली तर महाराष्ट्रात वीजवितरण म्हणजे राज्य वीज मंडळ, अशीच तेव्हा स्थिती होती. त्या काळात या पट्ट्यातल्या शेतकऱ्याचे वीजबिल मात्र त्याच्या स्वतःच्या संस्थेकडून येत असे. सेवा पुरवणाऱ्या संस्थेची नवी घडण अस्थिर बाजारात कुठवर तग धरते, हे पाहण्यासाठी राज्यात याहून बोलके उदाहरण नाही.

स्थापना. बी. वेंकटप्पय्या यांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय ग्रामीण पतपुरवठा आढावा समितीच्या शिफारशीवरून जुलै १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले. अमेरिकेतील ग्रामीण भागात १९३५ नंतर शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी वीज पोहोचवली होती. तेथील अशा संस्थांच्या राष्ट्रीय महासंघाच्या सल्ल्याने भारतातही पाच प्रायोगिक संस्था काढण्याचे ठरले. तेव्हाच्या आंध्रात सिरसिल्ला, कर्नाटकात हुक्केरी, गुजरातेत कोडिनार, उत्तर प्रदेशात लखनौ आणि महाराष्ट्रात मुळा-प्रवरा. नगर जिल्ह्याची निवड सहज समजण्यासारखी आहे. भंडारदऱ्याच्या पाण्यावरचा ऊस, त्याच्या जोडीला विहिरी आणि सहकाराचा तयार पाया येथे होता. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० पासून चालू होता. कारखाना चालवता येतो, तर वीजही वाटता येईल, हा त्यामागचा हिशेब. तो अर्धाच बरोबर ठरला.

रचना. वीजजोडणी घेणारा ग्राहक भाग घेऊन सभासद होई आणि सभासद संचालक मंडळ निवडून देत. संस्था स्वतः वीज निर्माण करत नसे. ती राज्य वीज मंडळाकडून घाऊक वीज घेई आणि आपल्या वाहिन्यांवरून, आपल्या रोहित्रांतून शेतावर, घरात, गिरणीत पोहोचवी. कर्ज ग्रामीण विद्युतीकरण महामंडळाचे, परवाना १९१० च्या वीज कायद्याखालचा. तारा ओढणे, डीपी बसवणे, मीटर वाचणे, बिल वाटणे आणि वसुली ही सारी कामे संस्थेची माणसे करत. डीपी जळाली तर दाद मागायला श्रीरामपूर गाठले की भागे, आणि ज्याच्याकडे दाद मागायची त्याला पुढच्या निवडणुकीत मत मागायला आपल्याच दारी यावे लागणार, हे सभासद जाणून असे. विजेचा विस्तार करण्यात ही घडण उपयोगी पडली. परवाना संपला तेव्हा संस्थेचे दीड लाखाहून अधिक ग्राहक होते.

आर्थिक कोंडी. साखर कारखाना आणि वीज संस्था दोन्ही सहकारी असल्या, तरी त्यांच्यात पैसा उलट दिशांनी वाहतो. कारखान्यात सभासद आपला ऊस घालतो आणि कारखाना त्याचा देणेकरी असतो. सोसायटीचे कर्ज उसाच्या बिलातून परस्पर कापून घेता येते. वीज संस्थेत माल आधी वापरला जातो आणि सभासदच देणेकरी असतो. थकबाकीदाराची जोडणी तोडायची, तर ज्यांनी निवडून दिले त्यांचीच तोडायची. असे धाडस संचालक मंडळांनी वारंवार करावे, ही अपेक्षा करणाऱ्याने सहकारी निवडणूक जवळून पाहिलेली नसावी.

याहूनही मोठी अडचण दरांची होती. घाऊक विजेचा दर संस्थेच्या हाती नव्हता आणि ग्राहकाला लावायचा दरही नव्हता. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात राज्यात कृषिपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर ठोक आकारणी सुरू झाली. मीटर नसला, की पंपाने किती वीज ओढली याचा केवळ अंदाज उरतो. त्या अंदाजात तारांवरची गळती, आकडे टाकून घेतलेली वीज आणि हिशेबातली ढिलाई सगळेच सामावून जाते. २००४ च्या विधानसभा निवडणुकीआधी राज्य सरकारने शेतीसाठी मोफत विजेची घोषणा केली आणि पुढच्याच वर्षी ती मागे घेतली. अशा निर्णयांमध्ये अनुदान सरकारचे, वीज मंडळाची आणि वसुलीचे ओझे संस्थेचे, अशी विभागणी होते. त्यातही मंडळाला एक सोय होती. शेतीत आलेली तूट ते पुणे, ठाणे येथील कारखान्यांच्या चढ्या दरांतून काही अंशी भरून काढी. संस्थेच्या कार्यक्षेत्रात शेतीपंप उदंड आणि मोठे उद्योग तुरळक होते. तूट भरून काढायला दुसरा खिसाच नव्हता. परिणामी मंडळाचे देणे थकत गेले, त्यावर व्याज चढले, आणि शेवटी मागणीचा आकडा दोन हजार कोटी रुपयांच्या वर गेला. त्यातले मुद्दल किती आणि खरोखर देय किती, यावर दोन्ही बाजूंचे कधीच एकमत झाले नाही.

व्यवस्थापनाचा दोष नव्हता असे नाही. गळती आणि वसुली या दोन्ही गोष्टी संस्थेच्या हातातल्या होत्या आणि त्यांत ती कमी पडली. पण खरेदी आणि विक्री या दोन्ही किमती बाहेरून ठरत असताना कोणत्याही घडणीची सेवासंस्था फायद्यात राहिली असती, असे मानणे कठीण आहे.

परवान्याची अखेर. वीज कायदा, २००३ लागू झाला आणि खेळाचे नियम बदलले. दर ठरवण्याचे व परवाना देण्याचे अधिकार राज्य वीज नियामक आयोगाकडे एकवटले. जून २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन वितरण ‘महावितरण’ कंपनीकडे गेले. याच कायद्याच्या पाचव्या कलमात ग्रामीण वितरणासाठी पंचायती, ग्राहक संघटना आणि सहकारी संस्था यांचा आवर्जून उल्लेख आहे. संस्थेला मात्र त्याचा उपयोग झाला नाही. ३१ जानेवारी २०११ रोजी परवान्याची मुदत संपली आणि या भागाचे वितरण आयोगाने महावितरणकडे सोपवले. संस्थेच्या तारा, उपकेंद्रे आणि रोहित्रे वापरल्याबद्दल महावितरणने काय मोबदला द्यायचा, हा वाद त्यानंतर अपील न्यायाधिकरणात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला.

इतर प्रयोग. राज्याने वेगळे मार्ग धरले. संस्थेचा परवाना संपण्याआधीच, जानेवारी २००७ पासून, भिवंडीत टोरेंट पॉवरला वितरणाचा फ्रँचायझी नेमण्यात आले होते. परवाना महावितरणचा, वसुली आणि देखभाल खासगी कंपनीची, अशी ती व्यवस्था. कारखाने आणि यंत्रमागांच्या दाट वस्तीत ती चालते. विखुरलेल्या शेतीपंपांना ती लागू पडेल याची खात्री नाही. २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीची वाहिनीच वेगळी करून ती सौरविजेवर चालवण्याचे ठरले. पहिल्या प्रायोगिक गावांत याच जिल्ह्यातील पारनेर तालुक्याचे राळेगणसिद्धी होते. सुरुवातीच्या पाच प्रायोगिक संस्थांपैकी तेलंगणातील सिरसिल्ला आणि बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरी येथील संस्था आजही वीज वाटतात, आणि त्यांच्या संचालक मंडळाच्या निवडणुका आजही चुरशीने लढवल्या जातात.