लघु म्हणजे पातळ नव्हे

उष्टावण झालं की घरोघरी एक ठरलेला प्रकार सुरू होतो. कुकर उघडायचा, डाळ न ढवळता वर तरंगणारं पिवळसर पाणी पळीने अलगद काढायचं, चिमूटभर मीठ घालायचं (ते वर्षभर नकोच, पण तो वेगळा वाद) आणि "डाळीचं सगळं सत्त्व पाण्यात उतरतं" म्हणत बाळाला पाजायचं. कोणी शंका काढली तर थेट सुश्रुत पुढे केला जातो. सहाव्या महिन्यात लघु आणि हितकर अन्न द्यावं, असं त्याने सांगितलंय ना!

सांगितलंय. पण लघु म्हणजे पातळ हे कोणी ठरवलं? आयुर्वेदात गुर्वादी वीस गुण जोडीजोडीने मोजलेत. लघूची जोडी गुरूशी आहे, द्रवाची सांद्राशी. पातळच सांगायचं असतं तर शब्द हाताशी होता. लघु म्हणजे पचायला हलकं. मूगडाळ-तांदळाची मऊ घोटलेली खिचडी लघुही असते आणि चमच्यावर टिकतेही.

आता सत्त्वाचा हिशेब. पाच ग्रॅम तूरडाळ १०० मिली पाण्यात पूर्ण घोटली तरी जेमतेम १७ कॅलरी मिळतात. वरच्या निवळीत त्याहून कमी, कारण डाळ बुडाशीच राहिली. तेवढ्याच आईच्या दुधात सुमारे ६५. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २०० मिली मावतं. त्यात अर्धी वाटी हे पाणी गेलं, की तेवढं दूध मागे राहिलं.

घशात अडकेल ही भीती मात्र खोटी नाही. अख्खा शेंगदाणा, अख्खं द्राक्ष अडकतं. घोटलेल्या खिचडीचं तसं नाही. पहिल्या घासाला बाळ तोंड वाकडं करून जिभेने बाहेर ढकलतं, एवढंच.

तरी पेच उरतो: दाट लापशी गिळवत नाही, पातळ अंगी लागत नाही. यावर तोड आहे मोडाची. धान्याला मोड येताना त्यात अमायलेज नावाचं विकर वाढतं. घट्ट शिजलेली लापशी जरा निवली की मोडाच्या नाचणीचं चमचाभर पीठ घालून ढवळा. पाण्याचा थेंब न घालता ती सैल होत जाते. मग एक उकळी काढायची. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी यावर बरंच काम केलं. आपल्याकडे नाचणीला मोड आणून दळण्याची रीत जुनीच. पण पुढे ते वस्त्रगाळ करून चोथा फेकतात, आणि नाचणीच्या कॅल्शियमचा मोठा वाटा त्या सालीत असतो. गाळून उरलं ते सत्त्व, ही समजूत डाळीपासून इथवर पोचली आहे.

तेव्हा डाळ तळापासून ढवळा, भातासोबत घोटा, वर अर्धा चमचा तूप. चमचा तिरका करून बघा. घास ओघळला नाही म्हणजे जमलं. वरचं पाणी काढून ठेवलंच असेल, तर मोठ्यांच्या आमटीत घाला.