दालीची घड्याळं कशामुळे वितळली? आइन्स्टाइन की चीज?

फांदीवर ओल्या कपड्यासारखं लटकलेलं घड्याळ तुम्ही टी-शर्टवर, मीममध्ये किंवा कुणाच्या तरी डीपीवर नक्की पाहिलं असेल. साल्वादोर दाली या स्पॅनिश चित्रकाराचं हे १९३१ सालचं चित्र, 'द पर्सिस्टन्स ऑफ मेमरी'. मूळ चित्र फक्त २४ बाय ३३ सेंटीमीटरचं, म्हणजे ए-फोर कागदाहून जरासं मोठं. ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे.

हे चित्र शेअर करताना 'दालीने आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद रंगवला' असं हमखास लिहिलं जातं. वाचायला भारी वाटतं, पण दालीचं म्हणणं वेगळं होतं. त्याच्या आत्मचरित्रानुसार, एका रात्री डोकं दुखत होतं म्हणून तो घरीच थांबला. जेवणानंतर टेबलावरच्या मऊ, पाघळणाऱ्या कॅमेम्बर चीजकडे बघत राहिला. समुद्रकिनाऱ्याचं एक चित्र अर्धवट पडलं होतं. त्यात त्याने मऊ घड्याळं घातली.

दालीचा किस्सा म्हणजे थोडं मीठमसाला आलंच. तरी चित्र नीट पाहिलं की चीजची गोष्ट जास्त पटते. घड्याळं एकूण चार आहेत, त्यातली तीन मऊ. स्वप्नात पाच मिनिटं की पाच तास, काहीच कळत नाही ना? अतिवास्तववादी चित्रकारांना, म्हणजे सर्रिअलिस्टांना, फ्रॉइडमुळे स्वप्नांचं भारी आकर्षण होतं. मधोमध पापण्या मिटून पडलेला चेहरा बहुतेक दालीचाच, आणि त्याच्याही अंगावर एक घड्याळ पसरलंय.

चौथं घड्याळ मात्र टणक, झाकण बंद असलेलं आणि केशरी आहे. त्याला मुंग्या लागल्यात! दालीच्या चित्रांत मुंग्या म्हणजे सडणं, मरण. म्हणजे जे घड्याळ वितळलं नाही, नेमकं तेच कुजतंय.

प्रत्येक सर्रिअलिस्ट काळ वितळवत नव्हता. बेल्जियमच्या रने मॅग्रीतने १९३८ साली फायरप्लेसमधून बाहेर येणारं रेल्वे इंजिन रंगवलं. वरचं घड्याळ बारा त्रेचाळीसवर आहे, अगदी साधं, टणक. त्या चित्राच्या फ्रेंच नावाचा अर्थ साधारण 'खंजीर खुपसलेला काळ' असा होतो. इंग्रजीत त्याचं 'टाइम ट्रान्सफिक्स्ड' झालं, आणि ते मॅग्रीतला काही पटलं नाही.