मोकळ्या नटाची कुळकथा

१३ फेब्रुवारी १९०१ रोजी गायक नट भाऊराव कोल्हटकर गेले आणि किर्लोस्कर नाटक मंडळी पोरकी झाली. कंपनीकडे गाजलेली नाटकं होती, पडदे होते, साथीदार होते, गावोगावचे प्रेक्षक वाट पाहत होते. पण भाऊरावांची सुभद्रा नव्हती, शकुंतला नव्हती. ज्या गळ्यासाठी लोक बैलगाड्या जुंपून येत, तो गळाच हरपला होता. तसा दुसरा मिळायला पुढे चार वर्षं गेली, आणि तो मिळाला मिरजेत.

फुटबॉलच्या संघात महत्त्वाची जागा रिकामी झाली की व्यवस्थापक आधी करार संपलेल्या खेळाडूंची यादी काढतो. जो कुणाला बांधलेला नाही त्याला बोलवायचं, सौदा ठरवायचा आणि जागा भरायची, ही जगभरची रीत आहे. महाराष्ट्राच्या दक्षिण भागात तिचा पहिला मोठा बाजार मैदानावर भरला नाही, तो नाटकाच्या बिऱ्हाडांत भरला. आज मराठी व्यावसायिक नट दर प्रयोगाची ‘नाईट’ घेऊन एका वेळी दोन-तीन निर्मात्यांकडे काम करतो आणि अडचणीच्या वेळी ‘रिप्लेसमेंट’ म्हणून उभा राहतो. या रिवाजाचं मूळ सांगली-साताऱ्याच्या मातीत सापडतं.

आरंभ सांगलीच्या राजवाड्यातला. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना तसंच काही मराठीत करायला सांगितलं. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ झालं. या नाटकाच्या रचनेतच पुढच्या गोष्टीचं बीज आहे. पद्यं सगळी सूत्रधार म्हणायचा. पात्रं त्या पद्यांच्या अर्थाला धरून हावभाव करायची आणि संवाद आयत्या वेळी, मनाने बोलायची. म्हणजे एखादा राक्षसपार्टी आजारी पडला, एखादा स्त्रीपार्टी, म्हणजे स्त्रीची भूमिका करणारा पुरुष, घरी निघून गेला, तरी खेळ अडत नसे. कथा सगळ्यांना पाठ, गाणं सूत्रधाराकडे. अंगाने धडधाकट आणि बोलण्यात चलाख असा कुणीही ती जागा घेऊ शकत असे.

१८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि राजाश्रय आटला. भाव्यांना मंडळी घेऊन बाहेर पडावं लागलं. पुणं, मुंबई असे दौरे सुरू झाले, तिकीट लावून खेळ होऊ लागले. सांगलीच्या या नमुन्यावर इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर अशा मंडळ्या उभ्या राहिल्या. गावाच्या नावाने मंडळी ओळखली जाण्याचा हा काळ. दरबार एकच होता तोवर नटाला जायला दुसरी जागा नव्हती. मंडळ्या अनेक झाल्या आणि त्याला पर्याय मिळाला.

मग १८८० साल उजाडलं. ३१ ऑक्टोबरला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं आणि सूत्रधाराकडची पदं पात्रांच्या तोंडी गेली. राजा स्वतः गाऊ लागला, शकुंतला स्वतः गाऊ लागली. संगीत नाटक जन्मलं आणि त्याच दिवशी नटाची किंमतही वाढली. आता रिकामी जागा भरायला रूप हवं, गळा हवा, पाठांतर हवं आणि नायिकेसाठी कोवळं वय हवं. एवढं सगळं एका मुलात सापडणं अवघड. पहिल्या प्रयोगात शंकरराव मुजुमदार शकुंतला होते. पुढे कंपनीने बडोद्याला कचेरीत कारकुनी करणारा एक गाणारा तरुण हेरला आणि १८८२ मध्ये त्याला आपल्याकडे आणलं. तेच भाऊराव कोल्हटकर. चांगला नट तयार करण्यापेक्षा तयार गळा शोधून आणावा, हा धडा मराठी नाटक कंपन्या तिथे शिकल्या.

गद्य नाटक कंपन्यांची गणितं वेगळी होती. साताऱ्याचं जुनं नाव शाहूनगर. त्या नावाने निघालेली शाहूनगरवासी नाटक मंडळी गायनावर उभी नव्हती, अभिनयावर होती. गणपतराव जोशींचा हॅम्लेट आणि त्यांच्यासमोर बळवंतराव जोग ही जोडी तिचं बळ. हॅम्लेटचं रूपांतर ‘विकारविलसित’ होतं गोपाळ गणेश आगरकरांचं, आणि आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. अशी एकमेकांत मुरलेली जोडी कंपनीचं सर्वात मोठं भांडवल आणि सर्वात मोठा धोकाही असते. एकाची जागा दुसऱ्याने भरता येत नाही, कारण प्रेक्षक दोघांना मिळून पाहायला येतो.

भाऊरावांच्या मागे किर्लोस्कर मंडळीने बरीच धडपड केली. १९०५ मध्ये मंडळीचा मुक्काम मिरजेला होता. त्याच सुमारास नारायण श्रीपाद राजहंस हा सतरा वर्षांचा मुलगा कानाच्या दुखण्यावर उपचारासाठी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात आला होता. पलूसजवळच्या नागठाण्याच्या राजहंसांपैकी हा मुलगा. लोकमान्य टिळकांनी त्याला ‘बालगंधर्व’ म्हणून आधीच गौरवलं होतं, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा त्याच्यावर लोभ होता, पण तो कोणत्याही कंपनीत नव्हता. फुटबॉलच्या भाषेत सांगायचं तर पूर्ण मोकळा. मिरजेतच तो शकुंतला म्हणून प्रथम उभा राहिला. त्याला घडवायला कंपनीत गोविंद बल्लाळ देवल होते, सांगलीशेजारच्या हरिपूरचे. पुढे त्याच्यासाठी नाटकं लिहिली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी; तेही सांगलीचे. एक जागा भरायची होती, ती भरताना कंपनीचं अख्खं युग बदललं. १९११ च्या ‘मानापमान’मधली भामिनी पाहिलेल्यांना भाऊरावांची आठवण आली तरी उणीव वाटली नाही.

मोकळ्या नटाला घेता येतं, तसं घेतलेल्या नटाला मोकळंही होता येतं. ५ जुलै १९१३ रोजी बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली आणि किर्लोस्कर मंडळीचा कणाच बाहेर पडला. नाटकवाल्यांच्या भाषेत याला ‘कंपनी फुटणं’ म्हणत. गायक नट केशवराव भोसले आधीच स्वदेशहितचिंतक मंडळीतून निघाले होते. १ जानेवारी १९०८ ला त्यांनी हुबळीत ललितकलादर्श स्थापन केली. किर्लोस्कर मंडळीने बालगंधर्वांची जागा पुन्हा एका कोवळ्या गळ्याने भरली. गोव्यातल्या मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर तेव्हा किशोरवयात होते. १९१८ मध्ये तेही बाहेर पडले आणि चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बलवंत संगीत मंडळी उभी केली. पुढे दीनानाथांनी सांगलीतच घर केलं.

या फुटण्याकडे त्या काळी बेइमानी म्हणून पाहिलं गेलं. हिशेब मांडला तर चित्र वेगळं दिसतं. एका किर्लोस्कर मंडळीतून दोन नव्या कंपन्या निघाल्या, आणि प्रत्येक कंपनीने नवे नाटककार, नवे गवई, नवे साथीदार पुढे आणले. नट बांधून ठेवता आले असते तर गंधर्व आणि बलवंत या मंडळ्या झाल्याच नसत्या.

रिकाम्या जागा भरण्याची गंधर्व मंडळीची दृष्टी विशेष होती. टेंबे कंपनी सोडून गेले, पुढे बोडसही गेले. मग बालगंधर्वांसमोर उभा राहायला गाणारा नायक हवा होता. १९२२ मध्ये विनायकराव पटवर्धन आले. जन्म मिरजेचा, तालीम विष्णु दिगंबर पलुसकरांची. ते मैफलीचे गवई होते, नाटकाचा वारसा त्यांच्याकडे नव्हता. कंपनीने नट शोधण्याऐवजी गवई घेतला आणि त्याला नट केलं. तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष हे असेच बाहेरून आलेले. विनायकराव दहा वर्षं राहिले आणि १९३२ मध्ये बाहेर पडून त्यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं. आले तेव्हाही ते स्वतःचा वकूब घेऊन आले आणि गेले तेव्हाही तो घेऊनच गेले.

दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एका रात्रीपुरते नट एकत्र आणल्याचं उदाहरणही याच काळातलं. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. गंधर्वांची भामिनी, ललितकलादर्शच्या केशवरावांचा धैर्यधर. प्रेक्षक आपापल्या कंपनीचा कैवार घेऊन आले होते. कंपनी वेगळी असली तरी उत्तम नट शेजारी उभे राहू शकतात, आणि लोकांना कंपनीपेक्षा ते एकत्र येणंच हवं असतं, हे त्या रात्री सिद्ध झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव वारले. त्यानंतर तो योग आला नाही, पण नटांची मोट बांधून खेळ लावण्याची कल्पना नाटकधंद्यात रुजली.

तमाशात हाच व्यवहार आणखी उघड आहे. सांगली जिल्ह्यातलं कवलापूर हे शिवा-संभा आणि त्यांच्या पुढच्या पिढीतल्या काळू-बाळू या जुळ्या भावांच्या फडाचं गाव. ढोलकी फडाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमारास संपतो. हंगामाच्या तोंडी फडमालक कलावंताला उचल देतो. सोंगाड्या, नाची, ढोलकीवाला, सरदाराचं काम करणारा, सगळ्यांची बोली तेव्हाच ठरते. उचल फिटेपर्यंत कलावंत त्या फडाचा. फिटली की तो दुसरीकडे जायला मोकळा. फिटली नसेल आणि दुसऱ्या मालकाला तो हवाच असेल, तर उरलेली रक्कम त्याने भरायची. फुटबॉलमधल्या बदलीशुल्काचं काम इथे उचल करते. मात्र ज्याच्या घरी आजारपण किंवा लग्न निघालं, त्याची उचल वर्षानुवर्षं फिटत नाही आणि त्याचं मोकळेपण कागदावरच राहतं.

नाटक कंपन्यांचा शेवट बोलपटाने केला. १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, त्यात हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे. गंधर्व मंडळीही मोडकळीला आली आणि १९३५ मध्ये खुद्द बालगंधर्व ‘धर्मात्मा’ चित्रपटात संत एकनाथांच्या भूमिकेत दिसले. दरम्यान, १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या आणि स्त्रीपार्टीसाठी चालणारी धावपळ हळूहळू संपली. कंपनीबरोबर मासिक पगार गेला, दोन वेळची पंगत गेली, मुक्कामाचं बिऱ्हाड गेलं. उरला एकटा नट आणि त्याचं प्रयोगागणिक मानधन. तीच नाईट.

फुटबॉलपटूंना हे मोकळेपण भांडून मिळालं. बेल्जियमचा जॉं-मार्क बोसमन १९९० मध्ये करार संपल्यावर फ्रान्समधल्या डंकर्क क्लबात जायला निघाला, तेव्हा लिएज क्लबाने शुल्काचं कारण काढून त्याची वाट अडवली. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला: करार संपलेल्या खेळाडूसाठी युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशातल्या क्लबाकडून पैसे मागता येणार नाहीत. अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडूंच्या न्यायालयीन लढायांनंतर १९९३ मध्ये नवी पद्धत आली, आणि पहिल्याच वर्षी रेगी व्हाइट फिलाडेल्फिया सोडून ग्रीन बेला गेला. दोन्ही ठिकाणी मोकळेपणाबरोबर लेखी करार होते आणि त्यामागे खेळाडूंच्या संघटना होत्या.

मराठी नटाला मोकळेपण मिळालं ते कंपन्या बुडाल्या म्हणून. त्यासोबत नियम आले नाहीत. सांगलीच्या विष्णुदास भावे नाट्यमंदिरात किंवा साताऱ्याच्या शाहू कला मंदिरात दौऱ्याचा प्रयोग लागतो, मुख्य नट मालिकेच्या चित्रीकरणात अडकतो आणि दोन-तीन तालमींवर दुसरा उभा केला जातो. त्याने प्रयोग वाचवलेला असतो, पण जाहिरातीत बहुधा जुनंच नाव असतं. पुढचे प्रयोग आपल्याला मिळतील का, आजारी पडलो तर काय, हे त्याला कुणी लिहून दिलेलं नसतं. विष्णुदास भावे गौरवपदक सांगलीत ५ नोव्हेंबरला दिलं जातं आणि त्याचे पहिले मानकरी बालगंधर्व होते. तेही एका रिकाम्या जागेवर आलेले नट. मराठी रंगभूमीचं मोठेपण अशा जागा भरणाऱ्यांवर उभं आहे. म्हणून निर्मात्यांनी आणि नाट्य परिषदेने एवढं तरी करावं: बदली नटाशी लेखी करार करावा, त्यात किती प्रयोग आणि किती नाईट हे नोंदवावं, आणि त्याचं नाव जाहिरातीत छापावं. प्रेक्षकांनीही तिकीट काढताना आज ही भूमिका कोण करतंय, हे विचारावं आणि त्या नटासाठी नाटकाला जावं.