शिलेदाराची रिकीब आणि अण्णांचा शॉकअप

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात आमच्या घराच्या ओट्यावरून करतो.

माझं गाव जवळा बाजार, तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली. मी पुण्यात कोड लिहितो. मागच्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा अण्णा म्हणाले, "पुढच्या सालापासून रान बटईनं द्यावं म्हणतो." का, विचारलं तर कमरेला हात लावला. शेत गावापासून बारा किलोमीटर. रस्ता काळ्या मातीवरचा. ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते, म्हणून वरचं डांबर कधीच सपाट राहत नाही. रोज येऊन-जाऊन चोवीस किलोमीटर, शंभर सीसीच्या गाडीवर. शेतातलं काम अजून जमतं, म्हणाले, जाणं-येणं जमत नाही.

मी म्हटलं, गाडी तरी बघू का एकदा? तर म्हणाले, "गाडी हाय ती, पलंग नाही. दुखायचंच."

हे 'दुखायचंच' माझ्या डोक्यात बसलं. गाडी म्हणजे दुखणारच, हे आपण कधी मान्य केलं?

कारण आपल्याकडे आधी असं नव्हतं. शिवकाळातल्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असायचे. बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडा आणि हत्यारं सरकारातून मिळायची. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, हत्यारं स्वतःची. हाच शब्द पुढे इंग्रजांनी उचलला आणि त्याचं 'सिल्लादार' केलं. आणि हे काही लांबचं नाही. निजामाच्या काळात आपल्या हिंगोलीतच हैदराबाद कॉन्टिंजंट या फौजेची छावणी होती. तिच्या घोडदळात सिल्लादार पद्धत चालायची. 1903 मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली, आणि पहिल्या महायुद्धानंतर ती पद्धतही संपली.

आता घोड्यावर बसणारा माणूस सगळ्यात आधी काय करतो? रिकीब मापात घेतो. रिकिबीच्या पट्ट्याला भोकं असतात. बोटांची टोकं पट्ट्याच्या वरच्या टोकाला लावायची, रिकीब ताणून काखेपर्यंत आणायची. पोचली, की माप साधारण बरोबर. टेप नाही, पट्टी नाही, आपलाच हात. दुसऱ्याच्या मापाच्या रिकिबीत पाय घालून कोस-कोस जाणं म्हणजे गुडघे गमावणं, हे स्वाराला सांगावं लागत नसे.

मग मोटारसायकल आली. 1885 मध्ये जर्मनीत गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी सांगाड्यात इंजिन बसवलं. वर बसायला काय, तर चक्क खोगिरासारखं चामड्याचं सीट. पुढे अनेक दशकं बहुतेक गाड्यांच्या मागच्या चाकाला शॉकअप नव्हतेच. सीटखाली दोन स्प्रिंगा, बाकी सगळं कमरेच्या भरवशावर.

आपल्याकडे 1955 मध्ये मद्रासला बुलेट बनवायला सुरुवात झाली. साठच्या दशकात म्हैसूरची जावा आली, तीच पुढे येझदी झाली. एस्कॉर्ट्सची राजदूत आली आणि दुधाच्या कॅनला जणू चाकं फुटली. पुण्याजवळ आकुर्डीत बजाजच्या स्कूटर बनू लागल्या आणि 1972 मध्ये चेतक आली. तिचं इंजिन उजव्या अंगाला, म्हणून वजन एका बाजूला. गिअर डाव्या मनगटाने पिळून टाकायचा. ज्यांच्या वडिलांनी वीस वर्षं चेतक चालवली त्यांनी घरी विचारून बघा, डावं मनगट कसं आहे.

पण त्या काळात तक्रार कोण करणार? बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट बघितल्यावर गाडी दारात यायची. तिची आधी पूजा व्हायची. जी मिळाली तिच्याशी अंग जुळवून घ्यायचं. मला वाटतं, 'दुखायचंच' तिथेच रुजलं. गाडी स्वतःच्या पैशाची, पण बसायचं बारगिरासारखं. जणू सेटिंग सरकारातून आलंय, हात लावायचा नाही.

1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न आला, "ॲव्हरेज किती देते?" गंमत बघा, ज्या ॲव्हरेजबद्दल विचारायला हवं होतं ते आपण विचारलंच नाही. हे सीट, हे हँडल कुठल्या ॲव्हरेज माणसासाठी आहे?

हा प्रश्न अमेरिकन हवाई दलाला पडला होता. 1950 च्या सुमारास तिथे चार हजारांवर वैमानिकांची मापं घेतली गेली. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने 4,063 जणांची दहा मापं तपासली. दहाही मापांत मधल्या पट्ट्यात बसणारे किती? शून्य. म्हणजे सरासरी माणसासाठी बनवलेली कॉकपिट खरं तर कुणासाठीच नव्हती. उत्तर सोपं निघालं. सीट, पेडल, पट्टे हलवता येतील असे करा. आपल्याकडे भारतीय शरीरांच्या मापांचं देवकुमार चक्रवर्ती यांचं पुस्तक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने काढलं ते 1997 मध्ये. तोवर कितीतरी माणसं दुचाकीवर बसलेली होती.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. हलवता येणाऱ्या जागा आपल्या साध्या गाडीत आधीपासून आहेत. रिकिबीच्या पट्ट्याला भोकं होतीच. आपण फक्त मोजायचं विसरलो.

दुसऱ्या दिवशी मी आणि अण्णांनी गाडी ओट्यापुढे लावली.

आधी हवा. पंक्चरवाल्याकडे "टाइट मार" म्हणायची अण्णांची सवय. चेनजवळच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा हवा बरीच जास्त निघाली. जास्त हवेचं टायर प्रत्येक खडा वर पाठवतं. टायर गार असताना तपासून आकड्यावर आणली.

मग शॉकअप. मागच्या शॉकअपच्या बुडाशी फिरणारी कडी असते, तिला बहुधा पाच खाचा. वरच्या खाचेवर स्प्रिंग आधीच जास्त दाबलेली असते. पोतं किंवा डबलसीट असेल तर ते बरोबर. एकट्या माणसाखाली ती दबतच नाही आणि धक्का सरळ मणक्यात. आमची कडी पाचव्या खाचेवर होती. का? अण्णांना आठवलं. काही वर्षांपूर्वी हळदीची पोती वाहायची म्हणून मिस्त्रीने कडक केली होती. पोती उतरली, खाच तशीच राहिली. सीटखालच्या पिशवीतल्या पान्याने दोन्ही बाजू सारख्या, दुसऱ्या खाचेवर घेतल्या.

मग हँडल. ब्रेक आणि क्लचचे लिव्हर इतके वर होते की मनगट सतत मागे मोडलेलं. सीटवर बसून, हात सैल सोडून, कोपरापासून बोटांपर्यंत एक रेघ येईल इतके ते खाली फिरवले. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघितलं, केबल ताणत नाही ना. शेवटी ब्रेक पेडल. प्रत्येक ब्रेकला अख्खा पाय उचलावा लागत होता. ते खाली घेतलं, मग ब्रेक लागतो का, मागचा दिवा पेटतो का, हे तपासलं. हे काम जमत नसेल तर मिस्त्रीकडून करून घ्या. ब्रेकशी प्रयोग नको.

एक गोष्ट आम्ही केली नाही. सीटवर आणखी फोम चढवला नाही. अण्णांची तीच एक मागणी होती. पण मऊ फोम बसला की खाली पत्राच लागतो. ती अक्षरशः खोगीरभरती झाली असती.

डीबगिंगचा नियम इथेही चालतो. एका वेळी एकच बदल, दोन दिवस चालवायचं, मग पुढचा. नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

सगळं दुखणं गेलं का? नाही. वय आहे, रस्ता तोच आहे. हाताला मुंग्या येत असतील किंवा कळ पायात उतरत असेल तर पाना बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. आम्हीही गेलो. अण्णा आता अर्ध्या वाटेत लिंबाखाली पाच मिनिटं थांबतात. पण रान बटईनं दिलेलं नाही.

परवा फोनवर म्हणाले, "शेजारच्याची गाडी बघितली. त्याची बी खाच पाचवरच हाय."

तुमची कितीवर आहे? आज घरी गेल्यावर वाकून बघा. आणि घरातल्या ज्या माणसाने 'दुखायचंच' म्हणून विषय संपवलाय, त्याची आधी बघा. भेटू पुढच्या भागात.