गेम बॅकएंड सेवा

गेम बॅकएंड सेवा म्हणजे अनेक खेळाडूंनी इंटरनेटवरून एकत्र खेळायच्या व्हिडिओ गेमसाठी सर्व्हरवरील कामे पुरवणारी सेवा होय. खेळाडूंची खाती, प्रतिस्पर्ध्यांची जुळवणी, गुणतक्ते आणि प्रगतीची साठवण ही तिची मुख्य कामे आहेत. स्वतःची यंत्रणा उभारण्याचा खर्च टाळण्यासाठी निर्माते अशी सेवा वापरतात.

निवडीचे निकष

सेवेची निवड गेमच्या स्वरूपावर अवलंबून असते. बुद्धिबळासारख्या पाळीपाळीने खेळायच्या गेममध्ये प्रत्येक चाल नोंदवणे पुरेसे असते. नेमबाजीच्या गेममध्ये मात्र खेळाडूंच्या हालचाली दर सेकंदाला अनेकदा कळवाव्या लागतात. त्यामुळे सर्व्हर खेळाडूंच्या जवळच्या प्रदेशात असणे महत्त्वाचे ठरते. निकालाचा निर्णय खेळाडूच्या उपकरणाऐवजी सर्व्हरवर घेतल्यास फसवणुकीला आळा बसतो, परंतु खर्च वाढतो. फोटॉन या सेवेचे शुल्क एकाच वेळी जोडलेल्या खेळाडूंच्या संख्येनुसार ठरते.

सेवा बंद होण्याचा धोका

अनेक गेमना जोडणी पुरवणारी गेमस्पाय ही सेवा ३१ मे २०१४ रोजी बंद झाली. 'आर्मा २' सारखे काही गेम स्टीमवर स्थलांतरित झाले. ज्यांच्यासाठी पर्यायी व्यवस्था झाली नाही, त्यांचा ऑनलाइन खेळ थांबला. म्हणून माहिती बाहेर काढण्याची सोय आणि सेवा बदलण्याची शक्यता हेही निवडीचे निकष मानले जातात. नाकामा ही मुक्त स्रोत प्रणाली स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते. मात्र तिच्या देखभालीची जबाबदारी निर्मात्यावरच येते.