रोमेनियातले पाळणे

महिनाभर सुट्टी काढायची, परदेशात कुठल्या तरी अनाथाश्रमात जायचं आणि लहान मुलांमध्ये राहायचं... नोकरीला तीन-चार वर्षं झाली की हा विचार बऱ्याच जणांच्या डोक्यात एकदा तरी येऊन जातो. रोजच्या कोडिंगपेक्षा काहीतरी खरं केल्याचं समाधान, आणि लळा लावणारी पोरं. विचार वाईट नाहीच. पण या चांगुलपणालाही इतिहास आहे, आणि तो समजायला रोमेनियात जावं लागतं.

साल १९६६. लोकसंख्या वाढली की देश बलवान होणार, असा निकोलाय चाउशेस्कूचा हिशोब. त्याने हुकूम क्रमांक ७७० काढून गर्भपातावर जवळपास बंदीच घातली. गर्भनिरोधकंही मिळेनाशी झाली. पुढच्याच वर्षी देशातले जन्म जवळजवळ दुप्पट! पण पोरं जन्माला घालायचा हुकूम काढता येतो, घरात भाकरी असायचा हुकूम कसा काढणार? ज्यांना पोसणं जमेना त्यांनी मुलं सरकारी संस्थांत नेऊन ठेवली. म्हणजे या 'अनाथां'पैकी बहुतेकांचे आईबाप जिवंत होते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अगदी लहान मुलांच्या संस्थेला तिथे 'लेआगन' म्हणत. शब्दाचा अर्थ पाळणा. काय नाव आहे बघा! आत ओळीने पाळणे, एकेका बाईकडे डझनभर मुलं, ठरल्या वेळी बाटली, ठरल्या वेळी लंगोट. रडून कोणी येत नाही हे एकदा कळलं की बाळ रडायचंच सोडून देतं.

डिसेंबर १९८९ मध्ये क्रांती झाली, २५ तारखेला चाउशेस्कूला गोळ्या घातल्या गेल्या, आणि १९९० मध्ये टीव्हीचे कॅमेरे या संस्थांमध्ये शिरले. आत एक लाखाहून जास्त मुलं होती. जग हादरलं. पश्चिम युरोपातून कपडे, औषधं, खेळणी आली आणि मागोमाग स्वयंसेवक. त्यांनी भिंती रंगवल्या, मुलांना आंघोळी घातल्या, अंगणात नेलं. ते गेले नसते तर हाल आणखी झाले असते, हे मान्यच करायला हवं.

एक गोष्ट मात्र तिथे जाणाऱ्याला हमखास दिसे. ही मुलं कुठल्याही अनोळखी माणसाच्या गळ्यात पडत. आपल्याला वाटतं, किती लाघवी! डॉक्टरांच्या लेखी ते दुखण्याचं लक्षण होतं. घरातलं दीड वर्षाचं पोर परक्याला बघून आईमागे लपतं, कारण आपलं कोण हे त्याला ठाऊक असतं. ज्याला आपलंच कोणी नाही, त्याला परकं तरी कोण?

२००० साली चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकी संशोधकांनी बुखारेस्टमधल्या संस्थांतली १३६ मुलं निवडली. वय ६ ते ३१ महिने. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं पालक कुटुंबांत पाठवली, बाकीची होती तिथेच राहिली. (आपल्या भाषेत कंट्रोल ग्रुप. पोटात कालवतं ना? पण तेव्हा शहरात पालक कुटुंबं जवळपास नव्हतीच, आणि पुढे कुठल्या मुलाला बाहेर जाण्यापासून प्रयोगाने अडवलं नाही.) निकाल काय? कुटुंबात गेलेल्यांचा बुद्ध्यंक वाढला, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. औषध एकच, रोज तोच चेहरा. २००४ च्या कायद्याने रोमेनियाने दोन वर्षांखालची मुलं संस्थेत ठेवणं बंद केलं, गंभीर अपंगत्वाचा अपवाद सोडून.

आता आपला महिन्याचा प्लॅन याशेजारी ठेवून बघा. आपण जातो, लळा लावतो, फोटो काढतो, परत येतो. आपल्यासाठी ती आठवण. त्या मुलासाठी आणखी एक निघून गेलेलं माणूस. पुढच्या महिन्यात नवी ताई, नवा दादा.

पैशाची भानगड आणखी वेगळी. कंबोडियात पोल पॉटची राजवट संपून पाव शतक उलटलं होतं, तरी २००५ मध्ये १५४ असलेले अनाथाश्रम २०१० मध्ये २६९ झाले. वाढत होते ते पर्यटक! युनिसेफच्या म्हणण्याप्रमाणे तिथल्या साधारण तीन चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील हयात होते. (मघाचा मुद्दा आठवला?) देणगीदार येतात म्हणून मुलं आणली जातात, साधा मागणी-पुरवठ्याचा नियम. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये कायदा करताना अशा आश्रमांसाठी मुलं नेण्याला आधुनिक गुलामगिरीचाच प्रकार मानलं.

मग मदत करूच नये का? जरूर करावी. पण विमानाच्या तिकिटाचे पैसे मूल आईजवळच राहील अशा कामाला दिले तर जास्त उपयोगी पडतात. आणि जायचंच असेल तर आपलं कसब तिथे कायम राहणाऱ्या माणसांना शिकवावं. त्यांचे हिशोब, नोंदी, कॉम्प्युटर नीट लावून द्यावेत. काम कंटाळवाणं आहे, फोटोही चांगले येणार नाहीत. पण महिन्याने आपण निघालो की कुठलं पोर दाराशी उभं राहून आपली वाट बघत बसणार नाही.